एकटाकी

२०२५ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टींत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाल्यावर, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. “सर, आपण आमच्याकडून नाटकें बसवून घेतलींत, आतां हें एक पाहा, आणि काय वाटलें तें कळवा,” एवढाच मजकूर होता, आणि त्याखालीं एका इंग्रजी मालिकेचें नांव होतें : ‘अ‍ॅडोलसन्स’. किशोरावस्था, असा त्याचा साधा अर्थ. दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं माझें मत फारसें अनुकूल नाहीं, हें माझ्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सासूबाई दारांत उभ्या राहिल्या कीं त्यांचा चेहरा तीन बाजूंनीं तीन वेळां दाखवावयाचा आणि मागें मेघगर्जना करावयाची, ह्या कलेचा मला मनापासून कंटाळा आहे. तेव्हां तो निरोप मीं आठ-दहा दिवस तसाच पडूं दिला. अखेर एके रात्रीं, घरांतील माणसें निजल्यावर, केवळ त्या विद्यार्थ्याचा मान राखावा म्हणून पहिला भाग लावला.

घरांतील माणसें निजलीं होतीं असें मीं म्हटलें. पण एका खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ येत होती. आमचे चिरंजीव त्या वर्षीं तेरा वर्षांचे होते, आणि कांहीं महिन्यांपासून ती रेघ रात्रीं उशिरापर्यंत दिसूं लागली होती. तिच्याविषयीं कांहीं बोलावें असें रोज मनांत येई, आणि रोज मी आपला दिवा मालवून निजावयास जात असें.

इंग्लंडच्या उत्तर भागांतील एका सामान्य वस्तींत सकाळीं सहाच्या सुमारास शस्त्रधारी पोलीस एका घराचें दार फोडून आंत शिरतात, येथून ही कथा सुरू होते. आई-बाप ओरडत राहतात. पोलीस जिना चढून एका बिछान्यापाशीं जातात. त्या बिछान्यांत कोणी दरोडेखोर नसून जेमी मिलर नांवाचा तेरा वर्षांचा शाळकरी मुलगा आहे. भीतीनें त्याचे कपडे ओले होतात. त्याच्यावर आरोप आहे तो आपल्याच शाळेंतील एका मुलीचा चाकूनें खून केल्याचा. बाप एडी हा नळ बसविण्याचें काम करणारा कष्टाळू माणूस. आपल्या मुलानें असें कांहीं केलें असेल हें त्याला स्वप्नांतहि खरें वाटत नाहीं. पहिल्या भागाच्या अखेरीस, पोलिसांनीं दाखविलेल्या चित्रणापुढें, तें त्याला खरें मानावें लागतें. खून कोणी केला ह्या प्रश्नावर दुसऱ्या एखाद्या लेखकानें चारहि भाग रेटले असते. येथें तो प्रश्न पहिल्याच भागांत मिटवून टाकला आहे. मग उरतें तें एवढेंच, कीं असें कां झालें. आणि त्याचें सोपें उत्तर कोणीहि देत नाहीं.

जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम ह्या दोघांनीं ही कथा लिहिली आहे, आणि ग्रॅहम ह्यांनींच बापाची भूमिका केली आहे. दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी. मालिका १३ मार्च २०२५ रोजीं नेटफ्लिक्सवर प्रसिद्ध झाली. पण माझ्या विद्यार्थ्यानें मला ती पाहावयास सांगितली ती तिच्या कथेपेक्षां तिच्या रीतीसाठीं. तिच्या चार भागांपैकीं प्रत्येक भाग एकाच सलग चित्रणांत टिपलेला आहे. कॅमेरा एकदां सुरू झाला कीं तासाभरानें भाग संपेपर्यंत तो थांबत नाहीं; मध्यें कात्री नाहीं, जोड नाहीं, नटाला घसा ओला करावयास सवड नाहीं. जुने लेखक टाक खालीं न ठेवतां एका बैठकींत लिहिलेल्या मजकुरास एकटाकी म्हणत. तोच शब्द मी ह्या अभिनयास लावतों.

मुलांनो, तुम्हांपैकीं ज्यांनीं स्नेहसंमेलनांत काम केलें आहे ते म्हणतील कीं, ह्यांत नवल तें काय? आम्ही रंगभूमीवर दरसाल हेंच करतों. खरें आहे. नवल इतकेंच कीं, चित्रपटाची कला जन्मापासून उलट्या वाटेनें गेली. तेथें नट एक वाक्य बोलतो, थांबतो, तेंच वाक्य दहा वेळां बोलतो, आणि त्यांतलें उत्तम तेवढें निवडून पुढच्या तुकड्याला जोडतात. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनीं १९४८ सालीं ‘रोप’ हा चित्रपट लांबलांब तुकड्यांत घेतला. परंतु त्या वेळीं कॅमेऱ्यांत सुमारें दहा मिनिटांचीच फीत मावे, म्हणून एखाद्या पात्राच्या पाठीवर कॅमेरा टेकवून तेवढ्या काळोखांत जोड लपवावा लागला. इंग्लंडांतील दूरचित्रवाणीवर तर एके काळीं नाटकें जिवंतच होत. डिसेंबर १९५४ मध्यें बी. बी. सी. नें ‘नाइन्टीन एटी-फोर’ ह्या भीषण कादंबरीचें नाटक दाखविलें, आणि चारच दिवसांनीं तें पुन्हां दाखवावयाचें ठरलें तेव्हां सगळ्या नटांनीं स्टुडिओंत येऊन तें पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हां केलें. आजच्या कॅमेऱ्यांत फीतच नसल्यामुळें दहा मिनिटांची मर्यादा उरलेली नाहीं. बॅरंटिनी आणि ग्रॅहम ह्याच जोडीनें २०२१ सालीं ‘बॉइलिंग पॉइंट’ हा एका उपाहारगृहांतील एका रात्रीचा चित्रपट असाच एकटाकी करून दाखविला होता.

ह्या मालिकेच्या प्रत्येक भागाला तीन आठवडे दिले होते. पहिल्या आठवड्यांत नटांची तालीम. दुसऱ्यांत कॅमेरा, दिवे आणि माणसें ह्यांची एकमेकांशीं सांगड. आणि तिसऱ्यांत प्रत्यक्ष प्रयोग, दिवसाला दोन. म्हणजे पांच दिवसांत दहा. चुकलें तर मधून सुरुवात नाहीं, पहिल्यापासून. पहिल्या भागाचा आपण पाहतों तो प्रयोग दुसरा आहे. दुसऱ्या भागाचा तेरावा, तिसऱ्याचा अकरावा आणि चौथ्याचा सोळावा. छायाचित्रकार मॅथ्यू लुईस आणि त्यांचे सहकारी कॅमेरा एकमेकांच्या हातीं देत, मोटारींत शिरत, जिने चढत चालले आहेत, आणि त्यांच्यामागें कोणाची चाहूल ऐकूं येऊं नये म्हणून कित्येक माणसें श्वास रोखून कोपऱ्यांत उभीं आहेत. नाटक बसविणाऱ्या माणसाला हे आकडे वाचून झोंप येत नाहीं.

पण ही झाली कारागिरी. पाहणाऱ्याच्या मनावर तिचा काय परिणाम होतो, तें मला पहिल्या भागांतील एका अगदीं साध्या प्रसंगीं उमगलें. जेमीला पकडून पोलिसांच्या गाडींत बसवितात आणि गाडी ठाण्याकडे निघते. इतर कोणत्याहि चित्रपटांत गाडीचें दार लागलें कीं पुढच्या क्षणीं ठाण्याचा दरवाजा दिसला असता. येथें गाडीला जितका वेळ लागतो तितका वेळ आपणहि आंत बसून राहतों. मुलगा रडतो, मग रडणें ओसरतें, खिडकीबाहेर रस्ता सरकत राहतो. कांहींच घडत नाहीं. तें कांहींच न घडणें मला इतकें असह्य झालें कीं, कथा कोणीतरी पुढें ढकलावी असें वाटूं लागलें. आपण नेहमीं पाहतों त्या नाटकांत दुःखाला वेळ लागत नाहीं, येथें लागतो. आणि बाप झालेल्या माणसाची तर येथें दुहेरी कोंडी होते, कारण पडद्यावरच्या बापालाहि दुसरीकडे कोठें जातां येत नाहीं. ग्रॅहम ह्यांच्या मुद्रेवर अविश्वास, लाज, माया आणि किळस हीं एकामागून एक येत नाहींत. तीं सारीं एकदमच तेथें असतात, आणि त्यांतली एकच निवडून दाखविण्यास मध्यें कात्री नसते.

आतां तिसऱ्या भागाविषयीं. हा लेख खरें पाहतां त्याच्याचसाठीं लिहिला आहे.

सात महिने लोटले आहेत. जेमीला मुलांच्या बंदिस्त संस्थेंत ठेवलें आहे, आणि त्याच्या मनाची पाहणी करण्यासाठीं ब्रायनी नांवाची मानसशास्त्रज्ञ आली आहे. एक खोली, एक मेज, दोन खुर्च्या. तिनें त्याच्यासाठीं गरम चॉकलेट आणलें आहे आणि आपलें अर्धें सँडविच देऊं केलें आहे. एवढ्या सामग्रीवर सुमारें पाऊण तास नाट्य चालतें, आणि कॅमेरा त्या दोघांभोंवतीं हळूहळू फिरत राहतो. ब्रायनीचें काम एरिन डोहर्टी ह्या अनुभवी नटीनें केलें आहे. जेमीचें काम करणाऱ्या ओवेन कूपर ह्याला पांचशेंहून अधिक मुलांतून निवडलें होतें. त्या वेळीं तो चौदा वर्षांचा होता, आणि कॅमेऱ्यापुढें त्यानें ह्यापूर्वीं कधींहि काम केलें नव्हतें. त्यांतून हा तिसरा भाग सर्वांत आधीं चित्रित झाला. म्हणजे ह्या मुलाच्या जन्मांतील पहिलें काम म्हणजे हा एवढा लांब, न तुटणारा संवाद.

तो आरंभीं लाघवी आहे, विनोद करतो. मग कुठल्याशा प्रश्नानें एकाएकीं उसळतो, उभा राहून तिच्यावर ओरडतो, पेला भिरकावतो; आणि आपल्याला ही प्रौढ बाई घाबरली हें दिसतांच त्याच्या ओठांवर जें क्षणभर येतें तें पाहून अंगावर कांटा उभा राहतो. पुढच्याच मिनिटाला तो पुन्हां लहान मूल असतो. तुकड्यातुकड्यांनीं घेतलेल्या चित्रपटांत राग एका दिवशीं, रडणें दुसऱ्या दिवशीं टिपतां येतें, आणि पाहणारा मनांत म्हणतो, हा रागाचा प्रसंग, हा करुण प्रसंग. येथें रागांतून रडण्यांत जातांनाची वाट दिसते. क्रूरपणा आणि बालपणा ह्यांच्यामध्यें भिंत नाहीं, एकाच चेहऱ्यावर तीं शेजारीं नांदतात, हें त्या वाटेवरून चालल्यावांचून मला पटलें नसतें.

ह्याच भागांत मधेंच जेमी जांभई देतो. ती संहितेंत नव्हती. त्या दिवशींचा तो दुसरा प्रयोग होता आणि मुलगा खरोखरच थकला होता. कॅमेरा चालू, प्रयोग बिघडण्याची वेळ. पण डोहर्टीबाईंनीं डोळ्यांची पापणी न लववितां, ब्रायनीच्याच आवाजांत, मी तुला कंटाळा आणतें कीं काय, अशा अर्थाचें विचारलें. आणि मुलाच्या तोंडावर जें खरेंखुरें हंसूं आलें तें जेमीचेंच ठरून गेलें. निवडला गेला तो हाच प्रयोग.

जांभईचा हा प्रसंग वाचला आणि मला एक जुना पडदा आठवला. ह्या शाळेंत येण्यापूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत होतों, आणि तेथें संमेलनाचें नाटक माझ्याकडे असे. एका वर्षीं आठवींतील एका मुलाला न्यायाधीशाचें काम दिलें होतें. मुलगा हुशार, पाठांतर चोख. निकाल सांगण्याची वेळ आली, तो उठून उभा राहिला आणि थांबला. मी विंगेंत वही घेऊन उभा होतों. पहिल्यानें हळू, मग मोठ्यानें त्याचें वाक्य सांगितलें. त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. सभागृहांत कोणी तरी हंसलें. पुढल्या रांगेंत त्याचे वडील बसले होते. मीं दोरीवाल्याला खूण केली आणि पडदा पाडला. मुलाची लाज झांकली, अशा समाधानानें त्याची पाठ थोपटली, आणि त्या रात्रीं सुखानें झोंपलों. पुढें त्यानें कधीं नाटकांत काम केलें नाहीं. बारा-तेरा वर्षांनीं एस. टी. स्थानकावर तो भेटला. चांगला नांवारूपाला आलेला गृहस्थ. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर हंसतहंसत म्हणाला, “सर, मी विसरलों नव्हतों. न्यायाधीशानें थोडें थांबावें असें मला वाटलें होतें.”

इतकें बोलून तो आपल्या गाडीकडे गेला.

तेव्हांपासून कोणाच्याहि मौनाविषयीं मी जपून बोलतों. ब्रायनी त्या खोलींत किती वेळ गप्प बसते! तिच्या प्रश्नांइतकेंच तिचें थांबणें मोलाचें आहे, आणि तें थांबणें नटीनें आपल्या अंदाजानें लांबविलेलें आहे. मागाहून कोणी तें कापून बेताचें केलेलें नाहीं. भागाच्या अखेरीस मुलाला ओढून नेतात. आपण तिला थोडा तरी आवडतों कीं नाहीं, हें तो ओरडून विचारीत असतो. मग ती एकटी उरते. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास ती सोडते, आणि आपणहि.

ह्या मालिकेंत सारेंच मला आवडलें असें नाहीं. दुसरा भाग जेमीच्या शाळेंत घडतो. वर्गावर्गांतून धांवणारा कॅमेरा, शेंकडों मुलें, आणि शेवटीं तर कॅमेरा एका उडत्या यंत्राला जोडला जाऊन गांवावरून तरंगत, जेथें ती मुलगी मेली त्या जागीं उतरतो. करामत थोर आहे. पण कॅमेरा उडाला हें माझ्या लक्षांत आलें, आणि लक्षांत आलें हेंच वाईट झालें. तिसऱ्या भागांत मला कॅमेऱ्याची आठवणहि राहिली नव्हती. दुसरें, आणि अधिक गंभीर. मेलेली मुलगी केटी आपल्याला कधीं भेटतच नाहीं. सगळे डोळे मारणाऱ्याकडे लागतात आणि जिचा जीव गेला तिला लोक विसरतात, असें एक पोलीस अधिकारी बाई ह्याच मालिकेंत बोलून दाखविते. बोलून दाखविलें म्हणून उणीव भरून निघत नाहीं. ज्या आईबापांना मुली आहेत त्यांना ही गोष्ट माझ्याहून अधिक टोंचेल.

शिवाय, लहान इयत्तांतील मुलांनीं ही मालिका पाहूं नये, आणि मोठ्यांनींहि वडील माणसांसमवेत पाहावी. इंग्लंडांत ती माध्यमिक शाळांत विनामूल्य दाखविण्याच्या योजनेस तेथील पंतप्रधानांनींच पाठिंबा दिला होता. पण तेथेंहि ती शिक्षकांच्या देखरेखीखालीं दाखवावयाची होती. सप्टेंबर २०२५ मध्यें तिला एमी पारितोषिकें मिळालीं; ग्रॅहम, डोहर्टी आणि ओवेन कूपर ह्या तिघांनाहि अभिनयाचें पारितोषिक लाभलें. कूपर तेव्हां पंधरा वर्षांचा होता, आणि एवढ्या लहान वयांत हें पारितोषिक मिळविणारा तो पहिलाच पुरुष नट. चौथ्या भागांत बापाचा पन्नासावा वाढदिवस आहे. त्याविषयीं मी येथें लिहीत नाहीं. त्या भागाचा शेवट मुलाच्या रिकाम्या खोलींत होतो, एवढेंच सांगतों.

मीं चारहि भाग पाहिले, मग माझ्या पत्नीनें पाहिले, आणि दोन-तीन दिवस आम्ही कांहींच बोललों नाहीं. मग तीच म्हणाली कीं, तिसरा भाग आपण तिघांनीं मिळून पाहूं. माझी तयारी नव्हती. “तो तेरा वर्षांचा आहे,” मी म्हणालों. “म्हणूनच,” ती म्हणाली.

रविवारीं दुपारीं जेवणें झाल्यावर आम्ही बसलों. चिरंजीव प्रथम कोपऱ्यांतील खुर्चींत पाय वर घेऊन बसला होता. पंधराएक मिनिटांनीं तो सतरंजीवर, आईच्या जवळ आला. जेमी बापाविषयीं बोलूं लागतो तो प्रसंग आला. आपण फुटबॉल खेळतांना चुकलों कीं बाबा दुसरीकडे पाहत, असें तो सांगतो. बापानें मारलें नाहीं, रागेंहि भरला नाहीं. नुसतें तोंड फिरविलें. मग बाकीचें सगळें झालें, मुलाला ओढून नेलें, बाई एकटी राहिली, आणि पडदा काळा झाला. कोणी उठेना.

“कसें वाटलें?” मीं विचारलें.

“चांगलें आहे,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळानें, “बाबा, तुम्ही मध्यें दोनदां उठलांत.”

माझ्या ध्यानींहि नव्हतें. आठवून पाहिलें तेव्हां आठवलें कीं, पहिल्यांदा पेला भिरकावला तेव्हां मी उठलों होतों, आणि दुसऱ्यांदा त्या फुटबॉलच्या बोलण्याला.

“पाणी प्यायला उठलों असेन,” मी म्हणालों.

“तांब्या तर तुमच्याजवळच होता.”

तांब्या माझ्या खुर्चीच्या पायाशींच होता, आणि भरलेला होता. “मग पुन्हां लाव,” मी म्हणालों, “मी उठलों तेथपासून.” त्यानें तो मागें नेला, आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलों.